वाचक विचारतात : ‘फोल्केली’ कशाला म्हणायचं?

गेल्या अंकात डेन्मार्कच्या खेड्यांतल्या सामुदायिक जेवणांबद्दल लिहिताना मी ‘फोल्केली’ हा तिथला शब्द वापरला होता आणि ‘सामान्य माणसाला आपलं वाटेल असं’ एवढाच अर्थ देऊन पुढे गेले होते. त्यावर पुष्कळ पत्रं आली. माझी सगळी नोकरी जटलंडमधल्या, म्हणजे डेन्मार्कच्या मोठ्या द्वीपकल्पातल्या, एका दुग्धशाळेच्या प्रयोगशाळेत झाली. हा शब्द मी पुस्तकांत नंतर वाचला. आधी ऐकला तो कॉफीच्या सुट्टीत आणि दूध उत्पादकांच्या सभांत. त्यामुळे उत्तरंही तिकडचीच येतील.

नाशिकहून एक वाचक विचारतात : फोल्केली म्हणजे सरळ ‘लोकप्रिय’च ना? की आणखी काही?

आणखी बरंच काही. एखादी मालिका लाखो लोक बघत असतील, तेवढ्यावरून डॅनिश माणूस तिला फोल्केली म्हणेलच असं नाही. आणि चारपाचशे वस्तीच्या गावातल्या सभागृहात शंभरेक माणसं लांब टेबलांवर बसून बटाटे आणि फ्रिकाडेला, म्हणजे तळलेले मांसाचे गोळे, खातात, मग स्वतःच ताटं आवरतात आणि खुर्च्या रचून ठेवतात, ते मात्र नक्की फोल्केली. किती जणांना आवडलं याची मोजदाद तिथे कोणी करत नाही. करणारा आणि ज्यांच्यासाठी केलं ते, एकाच पंगतीला बसलेत का, एवढं बघतात.

‘येन्स वायमन’ नावाचं एक गाणं आहे. कविता येपे ओकेअर या जटलंडच्या कवीची, चाल कार्ल निल्सनची, १९०७ सालची. येन्स रस्त्याकडेला बसून खडी फोडतो. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, डोळ्यावर चामड्याचा तुकडा, बुटाला दोरी बांधलेली. जन्मभर दगडच फोडले, आणि मेल्यावर थडग्यावर मात्र दगड नाही. किडलेली एक लाकडी फळी, तिचाही रंग ओघळलेला. गाणं बाहेर पडलं आणि देशभर लोकांच्या तोंडी बसलं.

आता हा निल्सन कोण, तर सहा सिम्फनी लिहिणारा, डेन्मार्कचा सगळ्यात मोठा मानला जाणारा संगीतकार. बाप फ्यून बेटावरच्या खेड्यात घरं रंगवायचा आणि लग्नकार्यांत व्हायोलिन वाजवायचा. पोरगा त्याच्याबरोबर वाजवत मोठा झाला. पुढे नाव झाल्यावर हाच माणूस थॉमस लाउब या ऑर्गनवादकाबरोबर बसला आणि १९१५ आणि १९१७ साली साध्या डॅनिश गाण्यांचे दोन संग्रह काढले. गाण्याचं शिक्षण नसलेल्याच्याही गळ्याला पेलतील अशा चाली हव्यात, हा आग्रह. मला हे फार मोठं काम वाटतं. लोकांना काय, काहीही चालतं, म्हणून त्यानं हात आखडता घेतला नाही. साधी चाल बांधायला सगळं कसब पणाला लावलं. आज शाळेतली पोरं ती गाणी म्हणतात आणि चाल कोणी बांधली हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊक नसतं, इतकी ती सगळ्यांची झाली आहेत.

दुसरं उदाहरण माझ्या धंद्यातलं. १८७०च्या दशकात अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्य युरोपात यायला लागलं आणि डॅनिश शेतकऱ्याच्या धान्याचे भाव कोसळले. त्यानं धान्य गुरांना घातलं आणि तो लोण्याकडे वळला. पण नावाजलेलं लोणी यायचं ते बड्या जमीनदारांच्या वाड्यांवरून. चार गाईवाल्याचं लोणी दर खेपेला वेगळं उतरायचं, कधी आंबूस तर कधी खारट, आणि व्यापारी भाव पाडून घ्यायचा. १८८२ साली पश्चिम जटलंडमधल्या येडिंग गावच्या शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दुग्धशाळा काढली. सगळ्यांचं दूध एकत्र, मलई काढायला गरगर फिरणारं यंत्र, आणि मलई काढलेलं दूध परत शेतकऱ्याच्या घरी, वासरांना आणि डुकरांना. दहा वर्षांत अशा शेकडो दुग्धशाळा उभ्या राहिल्या आणि लहान शेतकऱ्याचं लोणी इंग्लंडच्या बाजारात मानानं विकलं जायला लागलं. त्यांचा एक नियम जुने सभासद अजून म्हणून दाखवतात : मतं मोजायची ती डोक्यांची, गुरांची नाही. साठ गाईवाल्याला एक मत, दोन गाईवाल्यालाही एकच. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या दूध संस्थांच्या सभासदांना यात नवल वाटणार नाही, कारण आपल्या सहकार कायद्यातही एका सभासदाला एकच मत आहे. (जाता जाता सांगते, लार्सन अँड टुब्रो ही कंपनी १९३८ साली मुंबईत दोन डॅनिश इंजिनिअरांनी सुरू केली, आणि सुरुवातीला ते डॅनिश दुग्धशाळांची यंत्रंच आणून विकत. आपल्याकडच्या दूधधंद्याशी डेन्मार्कचं नातं असं जुनं आहे.)

दुग्धशाळेच्या वार्षिक सभेत मी ताळेबंदाआधी गाणं ऐकलं आहे. अध्यक्ष उभे राहतात, गीतपुस्तकातल्या गाण्याचा आकडा सांगतात, सगळे बसल्या जागी म्हणतात, आणि मग दुधाच्या दरावरून भांडायला मोकळे होतात. हे पाहिलं की फोल्केली शब्द समजावून सांगावा लागत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एक शिक्षिका : ग्रुन्टविग यांच्या लोकशाळांत परीक्षाच नसते असं वाचलं. मग मुलं शिकतात काय, आणि येतात कशाला?

बाई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ग्रुन्टविग (१७८३–१८७२) हे पाद्री, कवी आणि इतिहासाचे वेडे. इंग्लंडला गेले असताना केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहतात, एकत्र जेवतात, हे त्यांनी पाहिलं आणि ते त्यांच्या मनात घर करून राहिलं. मायदेशातल्या शाळा लॅटिन घोकून घेत. त्या शाळांना ते सरळ ‘मरणाची शाळा’ म्हणत. शेतकऱ्याच्या पोरांना त्यांच्याच भाषेत, बोलून, गाऊन, इतिहास सांगून जागं करणारी शाळा हवी, असं त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. अशी पहिली शाळा १८४४ साली रोडिंगला निघाली. ते गाव श्लेस्विगमध्ये, जिथे डॅनिश की जर्मन हा झगडा पेटलेला होता. १८५१ साली फ्यून बेटावर रिस्लिंगे इथे क्रिस्टन कोल्ड या चांभाराच्या मुलानं अशीच आणखी एक लहानशी शाळा काढली. ग्रुन्टविगनी कल्पना मांडली, पण ती खेड्यातल्या पोराला पेलेल अशी करून दाखवली ती कोल्डनं, असं माझं मत आहे. तो विद्यार्थ्यांबरोबर एकाच छपराखाली राहायचा आणि त्यांना गोष्टी सांगायचा.

मग १८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रियाशी युद्ध झालं. डेन्मार्क हरला, श्लेस्विग आणि होल्श्टाइन गेले, रोडिंगही सीमेपलीकडे गेलं. तिथल्या शिक्षकांनी नव्या सीमेच्या अलीकडे आस्कोवला १८६५ साली शाळा मांडली. त्या पराभवानंतरच या शाळा गावोगावी पसरल्या. हिवाळ्यात शेतीची कामं थंडावली की मुलगे यायचे, उन्हाळ्यात मुली. पुढे दुग्धशाळांच्या सभा चालवायला, चारचौघांत उभं राहून बोलायला जी तरुण मंडळी पुढे आली, त्यांतली बरीच या शाळांत एकदोन हंगाम राहून आलेली होती. परीक्षा न देता त्यांनी काय कमावलं, याचं माझ्या मते हेच उत्तर.

आजही या शाळांत परीक्षा नाही, गुण नाहीत. साडेसतरा वर्षांपुढचं कोणीही येऊन राहू शकतं. कुंभारकाम, संगीत, तत्त्वज्ञान, राजकारण, समुद्रातली होडी, जे आवडेल ते घ्यायचं. मी उन्हाळ्यातल्या छोट्या वर्गाला जाऊन राहिले आहे. सकाळी न्याहारीनंतर सगळे मोठ्या खोलीत जमतात, पियानोवर बसलेला आकडा सांगतो, पानं फडफडतात. पहिल्या कडव्याला निम्मे ओठ नुसतेच हलतात, तिसऱ्यापर्यंत सगळी खोली गात असते. मग कोणीतरी दहावीस मिनिटं बोलतं, पुन्हा एक गाणं, की वर्ग सुरू. भांडी घासण्यापुसण्याच्या पाळ्या असतात. माझ्या पाळीला शेजारी टॉवेल घेऊन उभे होते ते निवृत्त न्यायाधीश होते, आणि ओल्या पेल्यांवर पाण्याचे डाग राहू नयेत याबद्दल फार काटेकोर होते.

ज्या पुस्तकातून गातात ते ‘होयस्कोले’चं, म्हणजे या लोकशाळांचं, गीतपुस्तक १८९४ साली पहिल्यांदा निघालं आणि २०२० साली त्याची एकोणिसावी आवृत्ती आली. साधारण सहाशे गाणी. जर्मन ताब्याच्या काळात, १९४० च्या उन्हाळ्यात, आल्बोर्ग शहरात लोक उघड्यावर जमून अशीच गाणी म्हणायला लागले आणि १ सप्टेंबरला देशभरात लाखो लोक एकाच वेळी गायले. हातात काठीसुद्धा नसलेल्या माणसांनी एकमेकांना धीर द्यायला हे केलं. गाणी आधीपासून पाठ होती म्हणून ते जमलं.

पुण्याहून एक वाचक : माझा मुलगा आर्हुसला शिकतो. तो म्हणतो, तिथले जाणकार एखाद्या नाटकाला फोल्केली म्हणतात तेव्हा ते सवंग आहे असंच सुचवतात.

मुलाचं निरीक्षण बरोबर आहे. बोलणारा कोण आणि त्याचा सूर काय, यावर हा शब्द शाबासकी ठरतो की हेटाळणी.

हे भांडण एकदा चांगलंच पेटलं होतं. १९६४ साली सरकारनं कलावंतांना मदत देण्यासाठी राज्य कलानिधी स्थापन केला. दुसऱ्याच वर्षी कोल्डिंगच्या पीटर रिंडाल या गोदाम सांभाळणाऱ्या माणसानं त्याविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली. आम्हाला न कळणाऱ्या कलेसाठी आमच्या कराचा पैसा का, हा त्याचा सवाल. त्याच्या मागे इतके लोक उभे राहिले की ‘रिंडालिझम’ हा शब्दच डॅनिश भाषेत आला.

मला त्याचा राग समजतो. ज्यांना कोणी कधी विचारलंच नाही अशा माणसांचा तो राग होता. पण त्यानं काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, आणि याचं कारण पुन्हा निल्सनच आहे. खडी फोडणाऱ्या येन्सला चाल देणाऱ्या या माणसाला १९०१ सालापासून सरकारी वार्षिक मानधन होतं. ते होतं म्हणून त्याला पोटामागचं धावणं थोडं कमी करून लिहायला वेळ मिळाला. त्याच्या सिम्फनी ज्यांच्या डोक्यावरून गेल्या, त्यांच्याच घरी त्याची गाणी गेली. दोन्ही एकाच हाताची आहेत. तेव्हा अवघड कलेला हुसकावून लावलं की फोल्केली कला आपोआप वाढते, असं मला दिसत नाही. आणि दुसऱ्या बाजूला, सगळ्यांना समजलं म्हणजे हलकंच असणार, असं मानणाऱ्या जाणकारांनी ती साधी चाल स्वतः बांधून बघावी.

फोंड्याहून (गोवा) एक वाचक : राजेराण्यांनाही फोल्केली म्हणतात हे कसं? आणि शेजारच्या देशांत हा प्रकार आहे का?

आहे. नॉर्वेत हाच शब्द आहे, स्वीडनमध्ये थोड्या फरकानं. नॉर्वेचं उदाहरण सगळ्यांच्या ओठांवर असतं. १९७३ च्या डिसेंबरात तेलटंचाईमुळे शनिवार-रविवार मोटारी चालवायला बंदी होती. राजे पाचवे ओलाव यांना स्कीइंगला जायचं होतं, तर ते स्की घेऊन ऑस्लोच्या होल्मेनकोलन रेल्वेत बसले आणि तिकिटाचे पैसे पुढे केले. तो फोटो नॉर्वेत लहान पोरांनाही ठाऊक आहे. जानेवारी १९९१ मध्ये ते वारले तेव्हा लोकांनी राजवाड्यासमोरच्या बर्फात मेणबत्त्या लावल्या. बंदी सगळ्यांना म्हणजे मलाही, एवढी साधी गोष्ट राजानं पाळली आणि लोकांनी ती मनात ठेवली.

डेन्मार्कचे आत्ताचे राजे फ्रेडरिक युवराज असताना मुलांना पुढे पेटी असलेल्या सायकलवर बसवून सोडायला जायचे. २०१८ साली त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त ‘रॉयल रन’ ही धावण्याची शर्यत सुरू झाली, तीत ते स्वतःही धावतात. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सन या खुल्या संग्रहालयात १९३५ पासून उन्हाळ्यात लोकांना जमवून सामूहिक गाणी म्हणतात, आता टीव्हीवरही दाखवतात. नॉर्वेच्या सरकारी टीव्हीनं २०११ साली किनाऱ्यानं जाणाऱ्या बोटीचा सबंध प्रवास, १३४ तास, थेट दाखवला. गावोगावचे लोक झेंडे घेऊन धक्क्यावर येऊन उभे राहिले. मला स्वतःला तो कार्यक्रम फार आवडला.

कोपनहेगनमध्ये राहणाऱ्या एक मराठी वाचक : ज्या ‘लोकां’ना हे आपलं वाटतं, त्या लोकांत आपण धरलेलो असतो का?

तुम्ही जिथे बोट ठेवलंत तिथे खरंच दुखतं. १९२० च्या दशकातलं एक गाणं आहे, चाल पुन्हा निल्सनचीच. त्यात डॅनिश गाण्याला सोनेरी केसांच्या तरुण मुलीची उपमा दिली आहे. २०१८ साली कोपनहेगनच्या एका उच्च शिक्षणसंस्थेच्या बैठकीत ते म्हटलं गेलं, आणि तिथल्या एका गौरेतर शिक्षिकेनं, या गाण्यात मी कुठेच नाही, अशी भावना सांगितली. त्यावर देशभर वाद झाला. मंत्री, खासदार सगळे बोलले. तिला काय वाटलं हे तिनं सांगितलं, यात मला काहीच वावगं दिसत नाही. ते गाणं मीही म्हणते, आणि त्या ओळीला मलाही क्षणभर बाहेर उभं राहिल्यासारखं होतं.

दोन वर्षांनी गीतपुस्तकाची नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात इसाम बाशिरी या गायकाचं, कोपनहेगनमधल्या रमजानवरचं गाणं घेतलं. पुन्हा वाद. पण गाणं पुस्तकात राहिलं, आणि मला ते राहायलाच हवं होतं.

‘लोकां’त कोण धरायचं, या विषयावर ग्रुन्टविगनी १८४८ साली कविता लिहिली. देश युद्धात होता, लोक भडकलेले होते. त्यात ते म्हणतात की जे स्वतःला त्या लोकांतले मानतात, ज्यांचे कान त्या भाषेकडे आहेत आणि ज्यांच्या मनात त्या देशाबद्दल धग आहे, ते सगळे त्या लोकांतले. रक्त आणि रंग तिथे नाही. भाषेची अट मात्र आहे, आणि ती सोपी नाही, हे डॅनिश उच्चार शिकलेल्या कोणालाही विचारा.

माझा अनुभव असा, की आमच्या डेन्मार्कमधल्या गावच्या जेवणांत मी पाहुणी होते तोवर सगळे फार गोड वागायचे. मग एका वर्षी स्वयंपाकाच्या पाळीच्या यादीत माझं नाव आलं, ऐंशी माणसांसाठी. मी बटाट्याची पिवळी भाजी आणि मसुराची आमटी केली, हिरवी मिरची निम्म्यावर आणली. कोणी भाषण केलं नाही, कौतुकही बेताचंच. एका आजोबांनी मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. पुढच्या यादीत माझं नाव पुन्हा होतं, या वेळी खुर्च्या लावण्यासमोर. तेव्हा तुम्हाला माझा सल्ला आहे की आमंत्रणाची वाट बघू नका, कामाच्या यादीत नाव घाला.

साताऱ्याहून एक वाचक : माझ्या मुलीला डेन्मार्कमधल्या शेजाऱ्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला भल्या सकाळी बोलावलंय. तिनं काय न्यावं, काय करावं?

ताई, मुलीला सांगा की चुकवू नकोस. फोल्केली काय ते तिला एका सकाळीत दिसेल.

आदल्या संध्याकाळी शेजारीपाजारी मिळून त्या जोडप्याच्या दाराभोवती कमान बांधतात. फरच्या झाडाच्या फांद्या, त्यांत कागदाची फुलं, वर मध्यभागी चंदेरी २५ चा आकडा. (साडेबारा वर्षांनाही करतात. तेव्हा अर्धंच लग्न झालं म्हणून कमानही अर्धीच.) दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे अंगणात चिडीचूप जमतात आणि झोपलेल्या जोडप्याला गाण्यानं उठवतात. कुठे ट्रंपेटवालाही बोलावतात. दोघं सोबतीनं वाट चालण्याच्या सुखाबद्दलचं एक गाणं तिथे हमखास म्हणतात. तेही ग्रुन्टविग यांचंच, १८५५ सालचं. शब्दांचा कागद कोणीतरी वाटतं, त्यामुळे पाठ नसलं तरी चालतं. मुलीनं दोनचारदा आधी ऐकून ठेवलं तर बरं. मग जोडपं दार उघडतं आणि सगळ्यांना आत घेतं. ताजे पाव, लोणी, चीज, कॉफी, आणि मोठ्यांना कडसर औषधी दारूचा छोटा पेला. तो नको असेल तर ‘नाही, धन्यवाद’ म्हटलेलं पुरतं, आग्रह होत नाही.

संध्याकाळच्या मेजवानीलाही बोलावलं असेल, तर पाहुण्यांनी स्वतः रचलेली गाणी तिथे असतात. माहितीतल्या चालीवर त्या दोघांच्या संसारातल्या गमतीजमती बसवतात, छापून टेबलावर ठेवतात आणि सगळे मिळून म्हणतात. मुलीनं एखादं कडवं रचून दिलं तर शेजाऱ्यांना फार आनंद होईल. डॅनिशमधल्या चुका शेजारीण सुधारून देईल, तिला आधीच विचारावं.

सकाळसाठी भारी भेटवस्तूची गरज नाही, फुलं पुरेत. पण आदल्या संध्याकाळी कमान बांधायला हात नेहमी कमी पडतात, तेव्हा तिला त्या वेळी जायला सांगा. जाताना जाड हातमोजे न्यावेत. फरची पानं बोटांना टोचतात आणि चीक धुऊन लवकर जात नाही.